बर्फावरची राहुटी : घेताना काय पाहावे, शिवताना काय जपावे

गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरण्यासाठी लागणारी हलती राहुटी भिवंडीच्या किंवा मालेगावच्या बाजारात कोणी मागायला येणार नाही. मग व्यापाराच्या या पानावर तिची माहिती कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. आमचे उत्तर दोन कारणांचे आहे.

एक म्हणजे या राहुटीत जे जे काम लागते ते सारे आपल्या लोकांच्या हातचे आहे. कापड विणणारा मोमीन, रजई भरणारा पिंजारी, ताडपत्री आणि मंडपाचे कापड शिवणारा दर्जी, नळ्यांचा सांगाडा जोडणारा लोहार यांपैकी प्रत्येकाच्या कामाची ही एक कडक परीक्षाच आहे. उणे वीस-पंचवीस अंशांच्या थंडीत जो टाका टिकतो, जो सांधा मोडत नाही, तो इतरत्र कोठेही टिकेल. दुसरे कारण असे की, आपल्यापैकी काहींची मुले-भाऊ आज कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात नोकरी-धंद्यानिमित्त आहेत. तेथे हिवाळ्यात शेजारी-सोबती तळ्यावर निघाले की हेही निघतात आणि दुकानात जाऊन मोठ्या अक्षरांत ‘चार माणसांची’ असे छापलेली स्वस्त राहुटी उचलून आणतात. ती वस्तू चुकली तर नुकसान केवळ पैशाचे होत नाही, कधी जिवाशी गाठ पडते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ही वस्तू लांबी-रुंदी आणि किंमत पाहून निवडायची नसते. तीन प्रश्न आधी विचारायचे असतात. ही ओढून नेणार कोण? वारा सुटला तर हिला धरून ठेवणार काय? आणि आत शेगडी पेटल्यावर हवा येणार कोठून? या तिन्हींची उत्तरे मिळाली की मग माप, कापड आणि किंमत पाहावी.

हे मासे धरणे कसे चालते?

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्यामुळे थंडी वाढली की तळ्याचे पाणी वरून गोठते, खाली मात्र चारेक अंशांचे पाणी तसेच राहते आणि मासा त्यात जिवंत असतो. अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, नॉर्थ डाकोटा ही राज्ये, कॅनडातील ऑन्टॅरिओ आणि मॅनिटोबा, तसेच युरोपात फिनलंड या मुलखांत लोक अशा बर्फावर चालत जातात, मोठ्या गिरमिटाने सहा-आठ इंच रुंदीचे भोक पाडतात आणि त्यातून आखूड गळ सोडून बसतात. वॉलआय, पर्च, पाइक हे तिकडचे नेहमीचे मासे. हा नुसता शौक आहे असे नाही, धरलेला मासा बहुतेक घरी शिजतोच.

ज्याला बसायचे आहे त्याला पाच-सहा तास एका जागी बसावे लागते. उघड्या तळ्यावर वाऱ्याला अडवणारे झाड नाही की भिंत नाही. म्हणून राहुटी लागते. तळ्याच्या कडेला लाकडी खोपटी ओढून आणून महिनाभर ठेवणारेही आहेत, पण त्यांना मोटार किंवा ट्रॅक्टर हवा आणि बर्फही तितका जाड हवा. ज्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचे आहे, मासा एका ठिकाणी लागला नाही तर जागा बदलायची आहे, त्याच्यासाठी हलती, कापडी राहुटीच सोयीची.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. राहुटी कितीही चांगली असली तरी ती खालच्या बर्फाला बळ देत नाही. मिनेसोटाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याची शिफारस अशी आहे की, पायी जाण्यासाठी नव्या, स्वच्छ, काचेसारख्या बर्फाची जाडी किमान ४ इंच असावी. पांढरा, बर्फवृष्टी मुरून झालेला बर्फ निम्म्याच ताकदीचा, म्हणून तेथे जाडी दुप्पट हवी. फेब्रुवारी २००९ मध्ये ओहायो राज्याजवळ एरी सरोवरावरचा बर्फाचा प्रचंड तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि त्यावरचे शंभराहून अधिक लोक अडकले. त्यांना हेलिकॉप्टर आणि नावांनी सोडवावे लागले, एक जण दगावला. जी राहुटी पाच मिनिटांत उतरते ती अशा वेळी उपयोगाची, आणि प्रसंग पडल्यास जी मागे टाकून पळता येते तीच खरी हलती.

तीन प्रकार

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

पहिला प्रकार छत्रीसारख्या उघडणाऱ्या राहुटीचा. तिकडे याला ‘हब’ म्हणतात. चार भिंती आणि छत यांच्या प्रत्येकी मध्यभागी एक सांधा असतो. त्या सांध्यातून फायबरग्लासच्या काड्या कोपऱ्यांकडे जातात. सांध्याचा पट्टा बाहेर ओढला की काड्या वाकतात आणि भिंत ताणून उभी राहते. घडी केली की लांब पिशवीत मावते. जमीन पूर्ण मोकळी असते.

दुसरा प्रकार ‘फ्लिप-ओव्हर’चा. टांग्याचा टप जसा मागून पुढे ओढून बसवतात तसाच हा प्रकार. खाली प्लॅस्टिकची घसरगाडी असते, तिच्यातच बैठका बसवलेल्या असतात आणि नळ्यांच्या कमानींवर ताणलेले कापड मागून पुढे डोक्यावर ओढायचे. उभारायला मिनिटभर पुरते. सामान घसरगाडीतच राहते. मिनेसोटाचे डेव्ह गेंझ यांनी १९८० च्या दशकात या धर्तीची ‘फिश ट्रॅप’ नावाची राहुटी लोकप्रिय केली. एका जागी दिवसभर बसण्याऐवजी मासा शोधत फिरण्याची पद्धत तेथून रूढ झाली.

तिसरा प्रकार पेटीराहुटीचा. तळाच्या फळ्या पेटीसारख्या उघडतात, त्यावर नळ्या उभ्या करून कापडाची खोली होते. तळ असल्याने पाय कोरडे राहतात, पण भोके ठरलेल्या जागीच पाडावी लागतात.

तेवढ्याच जागेसाठी छत्रीची राहुटी सहसा सर्वांत स्वस्त पडते, म्हणून नवा गिऱ्हाईक तिकडे वळतो. ती वाईट नाही. मात्र वरचे तीन प्रश्न तिला आधी विचारावेत.

पहिला प्रश्न : ओढणार कोण?

बिनरजईची लहान छत्रीराहुटी अकरा-बारा किलोची असते. रजईच्या अस्तराची मोठी असेल तर सोळा ते तेवीस किलो. एका माणसाची टपाची राहुटी घसरगाडीसह पंचवीस-पस्तीस किलो आणि दोघांची चाळीस ते साठ किलो. हे झाले रिकाम्या राहुटीचे वजन. त्यावर गिरमिट, शेगडी, गॅसची टाकी, बादली, बैठक, डबा आणि परतताना मासे. पंधरा-वीस किलो सहज वाढतात.

कठीण, वाऱ्याने साफ झालेल्या बर्फावर साठ किलोची घसरगाडीही माणूस ओढू शकतो. त्याच तळ्यावर गुडघाभर भुसभुशीत बर्फ पडला की तीस किलोही जड होते आणि घाम फुटतो. थंडीत घाम फुटणे फार वाईट, कारण ओले कपडे अंगावर गार होतात. म्हणून ज्याच्याकडे स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटारगाडी नाही, त्याने आपल्या ताकदीच्या निम्मे वजन धरून राहुटी निवडावी. बाप-लेक जाणार असतील तर ओढणारा बाप एकटाच, हे विसरू नये.

दुसरा प्रश्न : वाऱ्याला धरणार काय?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ज्यांनी उरुसात किंवा आठवडी बाजारात पाल ठोकले आहे त्यांना हे सांगायला नको. फरक इतकाच की आपल्याकडे मेख मातीत रुतते, येथे खाली घसरडा बर्फ आहे. एक मेख निसटली की सारी राहुटी पतंगासारखी निघते, आणि आत पेटलेली शेगडी असेल तर पुढे काय होईल ते सांगणे नको.

म्हणून बर्फात पिळून बसवायचे आटे असलेले खिळे लागतात. छत्रीराहुटीबरोबर ते किती दिले आहेत ते मोजावे. चार कोपऱ्यांचे चार आणि बाजूच्या तणाव्यांसाठी निदान दोन-चार वेगळे हवेत. वाऱ्याच्या दिशेचा कोपरा आधी पक्का करायचा आणि मगच भिंती उघडायच्या. काढताना उलटा क्रम, म्हणजे तो कोपरा सर्वांत शेवटी सोडायचा. टपाच्या राहुटीत घसरगाडी, सामान आणि बसलेला माणूस यांचे वजनच नांगराचे काम करते. पाठ वाऱ्याकडे करून बसले की झाले. जेथे वारा रोजचा आहे तेथे हा मोठा फायदा आहे.

कारागिरासाठी येथला धडा असा. तणाव्याची कडी कापडावर नुसती शिवून भागत नाही. तिच्याखाली जाड कापडाचे किंवा पट्ट्याचे ठिगळ लावून, चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई घालून ओढ पसरवावी लागते. तसेच छताच्या सांध्याखाली आणि चारही कोपऱ्यांत दुहेरी थर हवा. धागा सुती नको, पॉलिएस्टरचा हवा. सुती धागा पाणी पितो, गोठतो आणि कुजतो. जाणता गिऱ्हाईक राहुटी आतून उलटी करून प्रथम हीच ठिकाणे पाहतो.

तिसरा प्रश्न : हवा येणार कोठून?

तिघांपैकी हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षिलेला. आत बहुधा प्रोपेन गॅसची शेगडी पेटवतात. जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि तो थकव्याची झोप समजून आडवा होतो. उत्तर हिंदुस्तानात थंडीच्या दिवसांत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. कापडी राहुटीतही तेच घडू शकते. ‘कापडातून हवा येतेच’ हा भ्रम आहे. लेप दिलेले कापड, त्यावर रजईचे अस्तर आणि खाली बर्फाने दाबलेली झालर असेल तर हवा फारशी येत नाही.

म्हणून निवडताना झरोके मोजावेत. निदान दोन हवेत, एक वर आणि एक खाली, आणि दोन्ही बर्फाने बुजणार नाहीत अशा जागी. झरोक्याला आतून बंद करता येणारा पडदा असतो. तो उघडा राहावा म्हणून त्यात काडीचा टेकू असलेला बरा. कोळशाची शेगडी आत नेऊच नये. गॅसची शेगडी बंद जागेत वापरण्यासाठीच बनवलेली घ्यावी. तिच्यात प्राणवायू कमी झाला किंवा ती कलंडली की आपोआप विझण्याची सोय असते. पण ही सोय कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, हे लक्षात ठेवावे. त्यासाठी बॅटरीवर चालणारा वेगळा इशारायंत्राचा डबा लागतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून तो निघण्यापूर्वी दाबून पाहावा.

आगीचाही विचार हवा. तंबूच्या कापडाने आग किती पकडावी यासाठी अमेरिकेत ‘सीपीएआय-८४’ नावाचे मानक आहे. तशी चिठ्ठी कापडाला शिवलेली असते. चिठ्ठी असली तरी कापड जळत नाही असा तिचा अर्थ नाही. ज्वाला लवकर पसरू नये एवढाच तिचा हेतू. म्हणून शेगडी भिंतीपासून दूर आणि दाराची वाट मोकळी ठेवणे हे ओघाने आलेच.

माप : पाटीवरचे आणि खरे

आता लांबी-रुंदी. ‘तीन माणसांची’, ‘पाच माणसांची’ अशा पाट्या असतात. माणसे दाटीवाटीने बसली, सामान बाहेर ठेवले आणि शेगडी लावली नाही, तरच हा हिशेब जमतो. आमचा हिशेब साधा आहे. माणशी पंधरा ते अठरा चौरस फूट जागा धरावी. सहा फूट बाय सहा फुटांची राहुटी म्हणजे छत्तीस चौरस फूट, म्हणजे दोघांची. आठ बाय आठची म्हणजे चौसष्ट चौरस फूट, तिघांची ऐसपैस.

आणखी एक खुबी. छत्रीराहुटीच्या भिंती मध्यभागी बाहेर फुगतात. काही कारखानदार सांध्यापासून सांध्यापर्यंतचे माप छापतात, जे जमिनीवरच्या मापापेक्षा दीड-दोन फुटांनी जास्त भरते. माप खोटे नाही, पण गिऱ्हाईक ज्याला माप समजतो ते हे नव्हे. म्हणून बुडाचे माप विचारावे. आपल्या कारागिरांना आमची कळकळीची सूचना आहे की, कोणतीही राहुटी, मंडप किंवा छत विकताना बुडाचेच माप पाटीवर लिहावे. कुरआनात ‘अल्-मुतफ्फिफीन’ ही सूरह मापात खोट करणाऱ्यांना ताकीद देणारी आहे. वजनकाट्यापुरतीच ही गोष्ट मानणे बरोबर नाही. फुटपट्टीलाही ती तितकीच लागू आहे.

मुस्लिम गिऱ्हाइकासाठी मापाचा एक वेगळा मुद्दाही आहे. मिनेसोटात डिसेंबरमध्ये सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. दिवसभर तळ्यावर बसलेल्याच्या जुहर, असर आणि मगरिब अशा तीन नमाजा तेथेच येतात. जानमाज साधारण चार फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद. टपाच्या राहुटीत घसरगाडी आणि बैठका जागा खातात, भोके पुढेच असतात, उभे राहायलाही उंची अपुरी पडते. छत्रीच्या राहुटीत जमीन मोकळी असते आणि मध्यावर बहुधा साडेसहा फुटांच्या आसपास उंची मिळते. भोके एका बाजूला पाडून दुसरी बाजू मोकळी ठेवली की सिजद्याची सोय होते. ज्याला ही गरज आहे त्याने एक माप मोठी घ्यावी. खाली फोमची चटई अंथरावी आणि वुजूचे पाणी थर्मासमध्ये न्यावे.

कापड आणि रजई

कापडाचा अंक डेनिअरमध्ये देतात. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांना हा शब्द नवा नाही. ९,००० मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. बर्फराहुट्या सहसा ३०० ते ६०० डेनिअरच्या पॉलिएस्टर ऑक्सफर्ड कापडाच्या असतात. ६०० चे कापड घासपट्टीला जास्त टिकते, पण जड. टपाच्या राहुटीत कापड रोज नळ्यांवर घासते, तेथे जाड चांगले. पाठीवर किंवा हाताने नेण्याच्या छत्रीराहुटीत ३०० चालते. मात्र नुसत्या डेनिअरवर भुलू नये. विणीची दाटी आणि मागचा लेप तितकाच महत्त्वाचा. स्वस्त लेप थंडीत कडक होतो आणि घडीवर तडकतो. कापडाचा तुकडा रात्रभर शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून सकाळी घडी घालून पाहिला तर अंदाज येतो.

रजईचे अस्तर हवे का? ओल हा येथला खरा शत्रू. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने हवेत येते. त्यात माणसांच्या श्वासाची भर. एकेरी गार कापडावर ही वाफ जमते, थेंब पडतात, शेगडी विझवली की त्याचा बर्फ होतो आणि परतताना राहुटीचे वजन वाढलेले असते. रजईच्या भिंतीत आतला पापुद्रा तितका गार होत नाही, म्हणून ओल कमी सुटते आणि गॅसही कमी लागतो. भरण सहसा दर चौरस मीटरला साठ ते नव्वद ग्रॅमचे असते.

आपल्या पिंजारी-मन्सूरी बांधवांना याचे मर्म लगेच कळेल. दोन कापडांच्या मध्ये भरण आणि वर टाके, म्हणजे ही भिंत रजईच आहे. टाके फार दाट घातले तर भरण दबते आणि टाक्यांच्या रेषेवरून थंडी आत येते. फार विरळ घातले तर भरण खाली ओघळते आणि वरची भिंत पोकळ राहते. बाहेरच्या कापडाला टाका न लावता भरण अस्तरालाच टाचले तर पाणी झिरपण्याची भोकेही टळतात. कापूस येथे चालत नाही, कारण तो ओल धरतो. पॉलिएस्टरचे भरण लागते. जो दिवसातून चार वेळा जागा बदलतो त्याला मात्र हलकी एकेरी राहुटीही पुरते. रजईचे पैसे लांब बसणाऱ्यानेच द्यावेत.

रंगाचा एक शब्द. काळे कापड सूर्याची ऊब घेते आणि आत अंधार ठेवते. अंधार असला की भोकातून खालचे पाणी स्पष्ट दिसते. श्रीनगरजवळ अंचार सरोवरात हिवाळ्यात नावेवर कांबळे पांघरून, सावली करून भाल्याने मासा टिपणारे काश्मिरी मच्छीमार हीच युक्ती वापरतात. बाहेरून मात्र काही भाग भडक रंगाचा आणि उजेड परतवणाऱ्या पट्ट्यांचा असावा, म्हणजे धुक्यात येणाऱ्या मोटारगाडीला राहुटी दिसेल.

काड्या, चेन, खिडक्या आणि झालर

छत्रीराहुटीची काडी भरीव फायबरग्लासची असावी. सांध्याचा तुकडा प्लॅस्टिकचा असेल तर तो कडक थंडीत ठिसूळ होतो, म्हणून धातूचा किंवा सुटा मिळणारा हवा. एक काडी जादा बरोबर असावी. टपाच्या राहुटीत ॲल्युमिनियमची नळी हलकी आणि न गंजणारी, लोखंडी नळी स्वस्त पण जड. नळ्यांचे खटके हातमोजे घालून दाबता येतात का, ते दुकानातच पाहावे.

चेन मोठ्या दातांची, दोन्ही बाजूंनी उघडणारी हवी. रनरला दोरीचे लांब टोक असावे. बारीक चेन गोठली की दार बंदच, आणि आत शेगडी असताना ही गोष्ट चेष्टेची नाही. शक्य तर दोन दारे असलेली घ्यावी. खिडकीचे साधे पारदर्शक प्लॅस्टिक थंडीत काचेसारखे फुटते. थंडी सोसणारे आणि वेल्क्रोने काढता येणारे असेल तर बदलता तरी येते. भिंतीच्या खाली निदान वीतभर झालर हवी. तिच्यावर बर्फ लोटला की खालचा वारा थांबतो.

कायद्याची बाजू

प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत आणि ते दर हंगामात तपासून घ्यावेत. मिनेसोटात हलती राहुटी तुम्ही तिच्याजवळ असेपर्यंत तिला वेगळा परवाना लागत नाही, ती बर्फावर सोडून गेलात तर लागतो. हंगामाच्या अखेरीस ठरलेल्या तारखेच्या आत सर्व खोपटी काढावी लागतात. कॅनडातील ऑन्टॅरिओत बर्फावरच्या खोपट्यांची नोंद करून क्रमांक रंगवावा लागतो. मात्र बुडाचे क्षेत्रफळ ७ चौरस मीटरपर्यंत म्हणजे सुमारे ७५ चौरस फूट असलेल्या कापडी तंबूंना त्यातून सूट आहे. आठ बाय आठची राहुटी या सुटीत बसते, दहा बाय दहाची बसत नाही. मोठी घेणाऱ्याने हा हिशेबही करावा. मासेमारीचा परवाना हा वेगळा विषय, तो प्रत्येकाने पाहावाच.

निगा आणि धंद्याचा विचार

घरी आल्यावर राहुटी पुन्हा उघडून पूर्ण वाळवावी. ओली घडी ठेवली तर आठवड्यात बुरशी येते आणि खिळे गंजतात. उन्हाळ्यात उंदरांपासून जपून उंचावर टांगावी. वाळवून ठेवलेली साधी राहुटी ओली टाकलेल्या महागड्या राहुटीपेक्षा जास्त वर्षे चालते.

व्यापाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा माल निव्वळ हंगामी आणि तोही बर्फावर अवलंबून. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतील सर्वांत उबदार ठरला. तळी नीट गोठली नाहीत की असा माल दुकानात पडून राहतो. म्हणून एकाच वस्तूवर सारे भांडवल लावणे शहाणपणाचे नव्हे. मात्र यातली कारागिरी वाया जात नाही. ओढ पसरवणारे ठिगळ, न तडकणारा लेप, न दबणारी रजई, उघडा राहणारा झरोका आणि खरे माप हे गुण पावसाळी पालाला, हातगाडीच्या छताला, मंडपाला आणि पूरग्रस्तांसाठी शिवलेल्या तंबूलाही तितकेच लागतात.

शेवटी घेणाऱ्याने दुकानात राहुटी उभारून घ्यावी, आत जाऊन दार लावावे आणि झरोके उघडून पाहावेत. विकणारा यास तयार नसेल तर दुसरे दुकान गाठावे. शिवणाऱ्याने असे समजावे की, आत आपलाच मुलगा बसणार आहे, आणि बाहेर वारा आहे. त्या विचाराने घातलेला टाका सहसा उसवत नाही. अल्लाह आपल्या कारागिरांच्या हातांना बरकत देवो आणि परमुलखात असलेल्या आपल्या मुलांना सुखरूप ठेवो.